नॅशव्हिलच्या तळघरातली शिबिरं आणि त्याआधीची नागपूरची तीन वर्षं

१९५३ ते १९५६ या काळात आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात एक तरुण काळा अमेरिकन माणूस शिकवायला होता, पोरांचं फुटबॉल-बास्केटबॉलचं कोचिंगपण तोच करायचा. त्याचं नाव जेम्स लॉसन. पुढे अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध जी चळवळ उभी राहिली तिच्यातले कितीतरी पुढारी या माणसाच्या हाताखाली तयार झाले, आणि तरी आपल्याकडे, अगदी नागपुरातसुद्धा, हे नाव फार कमी जणांनी ऐकलंय. नेतृत्व प्रशिक्षण, कम्युनिटी ऑर्गनायझिंग हे शब्द आता एनजीओवाल्यांच्या रोजच्या बोलण्यात असतात, पण त्यामागे काय घडलं होतं ते बघायचं तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते.

एक गोष्ट आधीच सांगतो, नागपुरात येऊन लॉसन अहिंसावादी झाले असं नाही. लहानपणी ओहायोत एका गोऱ्या पोराने वर्णावरून शिवी दिली म्हणून त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली आणि घरी येऊन आईला सांगितलं, तर आईने एवढंच विचारलं की मारून काय चांगलं झालं? हा प्रश्न त्यांच्या मनातून कधी गेला नाही. कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यात भरती व्हायला त्यांनी नकार दिला, तीन वर्षांची शिक्षा झाली, १३ महिने तुरुंगात काढले आणि सुटल्यावर मेथडिस्ट चर्चतर्फे नागपूरला आले. म्हणजे मनाची तयारी झालेली होती, ती प्रत्यक्षात आणायची कशी हे शिकायचं होतं. गांधीजींना जाऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झालेली, सेवाग्राम जवळच, सत्याग्रहात जेलमध्ये जाऊन आलेली माणसं अजून हिंडती-फिरती होती. खुद्द नागपुरात १९२३ ला झेंडा सत्याग्रह झालेला, स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज निघायच्या, एक पकडली की दुसरी पुढे. त्यानंतर डॉ. ना. सु. हर्डीकरांनी हिंदुस्थानी सेवा दल काढलं ते अशा स्वयंसेवकांना शिस्तीचं शिक्षण मिळावं म्हणूनच. दांडीला निघालेले ७८ जणसुद्धा गर्दीतून उचललेले नव्हते, आश्रमातल्या शिस्तीत मुरलेले होते.

तसं अमेरिकेत हे बी आधीच पोचलं होतं. दांडीयात्रेत चाललेले कृष्णलाल श्रीधराणी पुढे न्यूयॉर्कला शिकायला गेले, १९३९ मध्ये त्यांचं सत्याग्रहाच्या तंत्रावरचं पुस्तक आलं आणि १९४२ ला शिकागोत कोअर नावाची वर्णभेदाविरुद्ध लढणारी संघटना काढणाऱ्या तरुणांनी ते गाइडसारखं वापरलं. पण तेव्हा ते छोट्या गटांपुरतंच राहिलं.

डिसेंबर १९५५ मध्ये लॉसननी नागपूर टाइम्समध्ये बातमी वाचली की अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकलाय आणि मार्टिन लूथर किंग नावाचा तरुण पाद्री पुढे आहे. ज्याची वाट बघत होतो ते सुरू झालं म्हणून त्यांना अतिशय आनंद झाला होता. १९५६ ला ते परत गेले, फेब्रुवारी १९५७ मध्ये ओबरलिन कॉलेजात किंग भेटले, दोघंही २८ वर्षांचे, आणि किंगनी सांगितलं की शिक्षण पूर्ण व्हायची वाट बघू नका, आत्ताच दक्षिणेत या. लॉसन दक्षिणेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला गेले.

आता खरं काम. नॅशव्हिलमध्ये १९५८ पासून चर्चच्या तळघरात त्यांनी वर्कशॉप घ्यायला सुरुवात केली, १९५९ च्या शेवटी शेवटी तिथे कॉलेजची पोरंपोरी येऊ लागली. डायन नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हेल, बर्नार्ड लाफायेत, सगळे विशीच्या आसपासचे. आधी लोकांना विचारलं की तुम्हाला रोज सगळ्यात जास्त काय बोचतं, तर बायका म्हणाल्या की बाजारातल्या मोठ्या दुकानात आमचे पैसे चालतात पण पोरांना घेऊन घटकाभर बसायला, खायला जागा नाही. म्हणून लंच काउंटर, म्हणजे दुकानातली बसून खायची जागा जिथे फक्त गोऱ्यांनाच वाढायचे, हे लक्ष्य ठरलं. (हे वाचताना महाडचं चवदार तळं आठवतंच.) मुद्दा वरून कुणी दिला नाही, लोकांच्या तोंडून आला, आणि माझ्या मते ऑर्गनायझिंगचा गाभा हाच आहे.

मग सराव. काहींनी गोरे गुंड व्हायचं, शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं, आणि बाकीच्यांनी ते सहन करत शांत बसायचं. पडलो तर डोकं कसं वाचवायचं, शेजाऱ्याला जास्त मार बसतोय तर मध्ये कसं यायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यात बघत कसं राहायचं, हे सगळं पुन्हा पुन्हा. ज्याला जमणार नाही त्याने काउंटरवर जायचं नाही, दुसरं काम घ्यायचं. डायन नॅशला तर सुरुवातीला हे चालेल असं वाटतच नव्हतं, पण शहरात दुसरं कुणी काही करतच नव्हतं म्हणून ती येत राहिली, आणि पुढे तीच नेता झाली.

१ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोत चार काळे विद्यार्थी काउंटरवर बसले आणि बातमी सगळीकडे गेली. नॅशव्हिलची पोरं तयारच होती, १३ फेब्रुवारीला शंभरावर जण जाऊन बसले. २७ तारखेला मारहाण झाली आणि गंमत म्हणजे नाही, संतापजनक म्हणजे, पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांना, ८१ जणांना. एक रांग उठवून नेली की दुसरी येऊन बसायची. कुठे शिवी नाही की उलटा हात नाही, दंड भरायच्या ऐवजी जेल पत्करलं. मार्चमध्ये लॉसन जिथे शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे सिटी हॉलवर चालत गेले, तिथे डायनने मेयरला सरळ विचारलं की वर्णावरून माणसाशी भेदभाव करणं तुम्हाला योग्य वाटतं का, आणि त्याला सगळ्यांसमोर नाही म्हणावं लागलं. काळ्या ग्राहकांचा बहिष्कार चालूच होता, दुकानदार टेकीला आले होते. १० मेला काउंटर खुले झाले.

त्याच एप्रिलमध्ये चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्या एला बेकर यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेला विद्यार्थ्यांना एकत्र बोलावलं, त्यातून स्निक ही विद्यार्थ्यांची अहिंसक संघटना निघाली, तिचं उद्देशपत्र लॉसननी लिहिलं. एलाबाईंचं म्हणणं असायचं की ताकदवान लोकांना ताकदवान नेता लागत नाही. सेप्टिमा क्लार्क यांच्या नागरिकत्व शाळांचं कामही याच जातीचं, तिथे मतदानासाठी लिहा-वाचायला शिकवायचे आणि शिकलेलेच पुढे शिकवायला बसायचे, पण त्यावर वेगळं लिहायला हवं.

१९६१ मध्ये फ्रीडम राइडची, म्हणजे बसमधला वर्णभेद मोडायला काळे-गोरे मिळून दक्षिणेत निघालेल्या यात्रेची, बस जाळली गेल्यावर ती यात्रा थांबणार होती, तेव्हा पुढे न्यायला निघाली ती नॅशव्हिलचीच पोरं. १९६८ ला मेम्फिसच्या सफाई कामगारांचा संप झाला, कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कामगार गेले होते, तेव्हा साधारण १३०० जणांच्या त्या संपाच्या समितीचं काम लॉसन बघत होते आणि किंगना त्यांनीच तिथे बोलावलं. ४ एप्रिलला किंगची हत्या तिथेच झाली.

लॉसन १९७४ ला लॉस एंजेलिसला गेले आणि तिथेही वर्कशॉप थांबले नाहीत, समोर आता हॉटेलात काम करणारे, ऑफिसं झाडणारे, बाहेरून आलेले मजूर होते. ज्या विद्यापीठाने काढलं होतं तिथेच २००६ मध्ये शिकवायला गेले. ९ जून २०२४ ला, ९५ व्या वर्षी ते वारले.