लिनक्स साहेबांच्या गळी कसे उतरले

कंपनीत लिनक्स (विंडोजसारखीच, पण कोड सर्वांना खुला असलेली संगणक प्रणाली) आणण्याचा प्रस्ताव लिहायला घेतला की पहिली ओळ बहुधा ठरलेली असते: लायसन्सचे पैसे वाचतील. गेल्या तीस वर्षांत या ओळीने फारसे साहेब वळलेले नाहीत. सही करणाऱ्याला वेगळीच धास्ती असते. सर्व्हर बसला तर फोन कुणाला करायचा, आणि वरून विचारणा झाली तर बोट कुणाकडे दाखवायचे? या प्रश्नाला जसजशी उत्तरे मिळत गेली, तसतसे लिनक्स कचेऱ्यांत रुजले.

सुरुवातीला पटवण्याची वेळच आली नाही. लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या कर्नलबद्दल, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याबद्दल, पहिल्यांदा जाहीरपणे सांगितले, १९९२ मध्ये तो जीपीएल या खुल्या परवान्याखाली आणला, मार्च १९९४ मध्ये १.० आवृत्ती काढली. त्या काळात लिनक्स कंपन्यांत शिरले ते मागच्या दाराने. अडगळीत पडलेले एखादे ४८६ यंत्र, त्यावर स्लॅकवेअर ही लिनक्सची तयार आवृत्ती, आणि अँड्र्यू ट्रिजेलने १९९२ पासून घडवत आणलेला सांबा हा प्रोग्राम, एवढ्यावर काम भागे. विंडोजच्या संगणकांना हे यंत्र मायक्रोसॉफ्टच्या एनटी सर्व्हरसारखेच दिसे. त्यावर फाइली ठेवता येत, प्रिंटर वाटून घेता येत. खरा एनटी सर्व्हर घेतला तर त्याच्या किमतीवर जोडलेल्या संगणकांसाठी क्लायंट परवाने वेगळे घ्यावे लागत आणि संगणक वाढले की हा आकडा फुगत जाई. सांबाला ती भानगड नव्हती. वेब सर्व्हरची कथाही तीच. अपाची हा फुकट वेब सर्व्हर १९९५ मध्ये आला आणि एप्रिल १९९६ मध्ये, कोण कोणता वेब सर्व्हर वापरतो हे मोजणाऱ्या नेटक्राफ्टच्या पाहणीत, पहिल्या क्रमांकावर गेला. आपल्याकडे इंटरनेट महाग आणि रडतखडत चालणारे, त्यामुळे पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणाऱ्या सीडींनी लिनक्स पोचवण्याचे काम केले.

या मागच्या दाराचा तोटाही होता. यंत्र बसवणारा माणूस नोकरी सोडून गेला की पासवर्ड कुणाला ठाऊक नसे, काय कुठे बसवले याचा कागद नसे. ‘लिनक्स म्हणजे एका माणसावर अवलंबून राहणे’ हा ग्रह इथून बळावला, आणि तो अगदीच निराधार नव्हता.

१९९८ हे वळणाचे वर्ष. २२ जानेवारीला नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला करण्याची घोषणा केली. ३ फेब्रुवारीला पालो अल्टोमधल्या बैठकीत क्रिस्टीन पीटरसनने ‘ओपन सोर्स’ हे नाव सुचवले. हेतू उघड होता: तत्त्वज्ञान बाजूला ठेवून धंदेवाईक लोकांना चालेल अशी भाषा हवी होती. जुलैत ऑरॅकल आणि इन्फॉर्मिक्स यांनी आपापले डेटाबेस लिनक्सवर आणण्याचे जाहीर केले. व्यवस्थापकांच्या दृष्टीने या वर्षातली सर्वांत वजनदार बातमी हीच, कारण कंपनीची हिशेबवही ज्या डेटाबेसात आहे त्याच्या विक्रेत्यानेच लिनक्सला मान्यता दिली होती. सप्टेंबरात इंटेल आणि नेटस्केपने रेड हॅट या लिनक्स विकणाऱ्या कंपनीत पैसे गुंतवले. वर्षअखेरीस मायक्रोसॉफ्टची लिनक्सविषयीची अंतर्गत टिपणे फुटली. ती ‘हॅलोवीन’ नावाने प्रसिद्ध आहेत. मायक्रोसॉफ्टलाच याची दखल घ्यावीशी वाटते, हे कळल्यावर लिनक्सला पोरखेळ म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली.

एप्रिल १९९९ मधले माइंडक्राफ्ट या चाचण्या करणाऱ्या कंपनीचे प्रकरण मात्र समर्थकांना महागात पडले. मायक्रोसॉफ्टच्या पैशाने झालेल्या या चाचणीत चार प्रोसेसर आणि शंभर मेगाबिटची चार नेटवर्क कार्डे असलेल्या सर्व्हरवर एनटी आणि लिनक्स पळवले. फाइल सर्व्हर म्हणून एनटी सुमारे अडीच पट, वेब सर्व्हर म्हणून पावणेचार पट वेगवान निघाला. समर्थकांनी आरडाओरडा केला, पक्षपाताचे आरोप केले, पण जूनमध्ये फेरचाचणी झाली तेव्हाही एनटीच पुढे राहिला. कारण तांत्रिक होते. कर्नलच्या नेटवर्क भागात चारही प्रोसेसर एकाच कुलपासाठी (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कोडातल्या अटकावासाठी) खोळंबत होते. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ कर्नलमध्ये हे कुलूप बऱ्याच अंशी फोडले गेले. शिव्यागाळीने काही साधले नाही. कोड सुधारल्यावर मात्र माइंडक्राफ्टचा दाखला जुना झाला. विरोधकाला शत्रू समजू नका, जमणार नाही त्याचे वचन देऊ नका, असा सल्ला लिनक्ससोबत फिरणाऱ्या कागदपत्रांत तेव्हाही होता. वाचला किती जणांनी, हा वेगळा प्रश्न.

मग आयबीएम आली. २००१ या एका वर्षात लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्च करू, असे आयबीएमचे प्रमुख लू गर्स्टनर यांनी डिसेंबर २००० मध्ये जाहीर केले. आयबीएमचा माल घेतला म्हणून कुणाची नोकरी गेली नाही, ही या धंद्यातली जुनी म्हण. आता त्या छत्रीखाली लिनक्सही आले. जून २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. रोख जीपीएलवर होता: लिनक्स वापरले की तुमचा स्वतःचा कोडही खुला करावा लागेल, ही भीती. प्रत्यक्षात जीपीएलचे बंधन सॉफ्टवेअर दुसऱ्याला देताना लागू होते. कंपनीने लिनक्सवर आपले पगारपत्रकाचे सॉफ्टवेअर चालवले तर ते कुणाला दाखवण्याचा प्रश्न येत नाही. ऑरॅकल आणि आयबीएमचा डीबी२ हे डेटाबेस बंद कोडचे असून लिनक्सवर राजरोस विकले जात होते, आणि कायदा विभागाची समजूत घालायला हेच उदाहरण सर्वांत उपयोगी पडले.

फोन कुणाला करायचा याचे नीट उत्तर २००२ मध्ये मिळाले. तोवर रेड हॅटची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येई. घरी खेळणाऱ्याला ते बरे, पण डेटाबेस विक्रेता एका आवृत्तीवर प्रमाणपत्र देईपर्यंत पुढची आवृत्ती हजर होई. रेड हॅटने ॲडव्हान्स्ड सर्व्हर नावाने वेगळी शाखा काढली, तिचेच पुढे एंटरप्राइझ लिनक्स झाले: वर्षानुवर्षे तीच आवृत्ती, वार्षिक वर्गणी, फोनवर माणूस. आयुष्य आधी पाच वर्षांचे होते, मग सातचे, मग दहाचे झाले. म्हणजे ‘फुकट’ हा मुद्दा सोडून दिल्यावर लिनक्स विकले जाऊ लागले.

या स्थैर्यासोबत एक कटकट आली, ती आजही ऑडिटच्या वेळी डोके वर काढते. सुरक्षेची दुरुस्ती करताना रेड हॅट नवी आवृत्ती देत नाही. दुरुस्तीचा तेवढा तुकडा जुन्या आवृत्तीत बसवते. त्यामुळे अपाची किंवा ओपनएसएसएलचा मुख्य क्रमांक जुनाच दिसतो. ऑडिटरचा स्कॅनर फक्त तो क्रमांक वाचतो आणि अहवालात लाल खुणांची रांग लागते. साहेब घाबरतात. उत्तर साधे आहे: पॅकेजच्या बदलनोंदीत त्या त्रुटीचा सीव्हीई क्रमांक (त्रुटींना दिला जाणारा जागतिक नोंद क्रमांक) शोधायचा आणि अहवालाला जोडायचा. हे आधीच सांगून ठेवले नाही तर पहिल्या ऑडिटलाच प्रकल्पावर शंका येते.

कायद्याची भीती खरी झाली ती मार्च २००३ मध्ये. युनिक्स या जुन्या प्रणालीचा कोड लिनक्समध्ये घुसवला, असा आरोप करत तिचे हक्क आपल्याकडे असल्याचे सांगणाऱ्या एससीओ कंपनीने आयबीएमवर एक अब्ज डॉलरचा दावा ठोकला. मे महिन्यात जगभरच्या सुमारे दीड हजार मोठ्या कंपन्यांना पत्रे गेली: लिनक्स वापरता, तुम्हीही जबाबदार ठरू शकता. मग दर प्रोसेसरमागे ६९९ डॉलरचा ‘परवाना’ विकायला काढला. मार्च २००४ मध्ये ऑटोझोन आणि डेमलरक्रायस्लर या वापरकर्त्या कंपन्यांवरच खटले झाले. अनेक ठिकाणी प्रस्ताव महिनोन्‌महिने कायदा विभागात अडकले. पण यातूनच पुढची सोय झाली. एचपीने सप्टेंबर २००३ मध्ये ग्राहकांना नुकसानभरपाईची हमी दिली, जानेवारी २००४ मध्ये रेड हॅटने हमी योजना आणली, लिनक्सला पाठबळ देणाऱ्या कंपन्यांच्या ओएसडीएल या संघाने बचावासाठी एक कोटी डॉलरचा निधी उभारायला घेतला. ऑगस्ट २००७ मध्ये न्यायालयाने सांगितले की युनिक्सचे वादग्रस्त कॉपीराइट मुळात नोव्हेल या दुसऱ्याच कंपनीचे आहेत. सप्टेंबरात एससीओने दिवाळखोरीचा अर्ज केला. दावा ठोकणाऱ्यांनीच लिनक्सला विम्याचे कवच मिळवून दिले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

वर्गणी टाळू पाहणाऱ्यांचा आसरा होता सेंटओएस, रेड हॅटचीच फुकट प्रतिकृती. २०२९ पर्यंत चालेल असे गृहीत धरून लोकांनी सेंटओएस ८ वर सर्व्हर उभे केले, आणि ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. अल्मा आणि रॉकी या तशाच फुकट वितरणांचा जन्म त्यातून झाला. जिथे वरिष्ठांना ‘फुकट आणि दहा वर्षे निर्धास्त’ असे तोंडी सांगितले होते, तिथे या घोषणेचा जाब बिचाऱ्या आयटीवाल्याला द्यावा लागला.

सर्व्हरची लढाई अशी जिंकली; टेबलावरच्या संगणकाची मात्र निराळी. म्युनिक शहराने मे २००३ मध्ये सुमारे १४,००० संगणक लिनक्सवर नेण्याचे ठरवले. त्याआधी बामर स्वित्झर्लंडमधली स्कीइंगची सुटी अर्धवट टाकून महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटायला आले होते. मायक्रोसॉफ्टने किंमतही बरीच उतरवली, तरी नगरसेवकांनी लिनक्स निवडले. एकाच विक्रेत्याच्या हाती राहायचे नाही, हा मुद्दा किमतीपेक्षा वरचढ ठरला. काम २०१३ पर्यंत चालले. आयटीची जबाबदारी अनेक विभागांत विखुरलेली, प्रत्येकाचे आपले फॉर्म, आपली मॅक्रो. त्यांच्यासाठी वोलमक्स नावाचे साचे सांभाळणारे साधनच लिहावे लागले. बाहेरच्या कार्यालयांतून येणाऱ्या वर्ड फाइलींच्या आणि छपाईच्या तक्रारी चालूच राहिल्या. २०१४ मध्ये महापौर बदलले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचा ठराव झाला. निर्णय ज्या माणसाच्या जोरावर उभा असतो तो खुर्चीवरून गेला की पुढच्याला तक्रारीच आधी दिसतात. श्लेस्विग-होल्श्टाइन या जर्मन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांची योजना जाहीर केली, तिची सुरुवात लिब्रेऑफिस या खुल्या ऑफिस संचापासून आहे. हा क्रम शहाणपणाचा: विंडोजवरच लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स द्यायचे, मॅक्रो कुठे मोडतात ते पाहायचे, माणसांचा हात बसू द्यायचा, आणि मग खालची प्रणाली बदलायची.

मराठी कचेरीत गाडी आणखी एका ठिकाणी अडते. वीसेक वर्षांची पत्रे आणि इतिवृत्ते श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत असतात. तिथे अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली, त्यामुळे फॉन्ट नसला की सगळा मजकूर अगम्य दिसतो. फॉन्टची फाइल लिनक्समध्ये टाकून तो वाचता येतो, पण टंकलेखनाचे सॉफ्टवेअर विंडोजचे. युनिकोडमध्ये रूपांतर करावे तर ऱ्हस्व इकार आणि रफार घोटाळा करतात: जुन्या फॉन्टात ‘कि’मधली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये नंतर, ‘कार्य’मधला रफार जुन्यात शेवटी, युनिकोडमध्ये ‘य’च्या आधी. साधा शोध-बदल चालत नाही, क्रम उलटवणारे रूपांतरक लागते आणि नंतर डोळ्यांनी तपासणी. नवे लिहायला अडचण नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक मांडणी लिनक्समध्ये आधीपासून असते, रेड हॅटने खुले केलेले लोहित फॉन्टही मिळतात.

प्रिंटरचेही आधी पाहून ठेवावे. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या छपाईच्या भाषा समजणारा प्रिंटर बहुधा निमूट चालतो. कॅनॉन एलबीपी २९०० सारखे स्वस्त लेझर प्रिंटर पान संगणकाकडून तयार करून घेतात, म्हणून कंपनीच्याच ड्रायव्हरवर अवलंबून असतात, आणि प्रणाली अद्ययावत केली की तो जुना ड्रायव्हर हटकून रुसतो. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनसाठी एक विंडोजचा संगणक बाजूला ठेवलेला बरा.

टॅली विंडोजचीच. वाइनवर (लिनक्समध्ये विंडोजचे प्रोग्राम चालवणारे साधन) ती चालवून हिशेबनीसाच्या माथी मारू नये. मार्चअखेरीला अडकली तर सगळा दोष लिनक्सवर येतो. रूढ तोडगा म्हणजे टॅली एका विंडोज सर्व्हरवर ठेवून बाकीच्यांनी रेमिना या दुसऱ्या संगणकाचा पडदा दाखवणाऱ्या साधनामधून तिथे पोचायचे. पण मग सर्व्हरचा परवाना, प्रत्येक वापरकर्त्याचा क्लायंट परवाना आणि वर रिमोट डेस्कटॉपचा वेगळा परवाना, एवढे सगळे अंदाजपत्रकात येते. टॅली चालवणारे तीन असतील तर त्या तिघांचे विंडोज तसेच राहू द्यावे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेले संगणक ११ साठी अपात्र ठरले. प्रस्ताव त्या यंत्रांपुरता मांडला तर चर्चा तरी होते.