गोरोंगोरो विवरातील एकदिवसीय सफारी

टांझानियाच्या उत्तर भागातील गोरोंगोरो या ज्वालामुखी महाकुंडाच्या तळावर मार्गदर्शकासह वाहनाने उतरून, दिवसभर वन्यप्राणी पाहून सायंकाळपूर्वी पुन्हा कडेवर परतण्याच्या सहलीला गोरोंगोरोची एकदिवसीय सफारी म्हणतात. पूर्व आफ्रिकेतील इतर प्रसिद्ध अभयारण्यांना तीन-चार दिवस तरी द्यावे लागतात, कारण तेथील कळप विस्तीर्ण माळांवर विखुरलेले असतात व पावसामागे जागा बदलतात. शेजारच्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र १४,७०० चौ. किमी.हून अधिक आहे, तर गोरोंगोरोचा तळ जेमतेम २६० चौ. किमी.चा असून त्यावर सुमारे २५,००० मोठे प्राणी राहतात. यांपैकी बहुतेक वर्षभर तेथेच असल्यामुळे सिंह, हत्ती, रानम्हैस आणि काळा गेंडा एकाच दिवसात दिसण्याची शक्यता येथे जितकी आहे, तितकी आफ्रिकेत फार थोड्या ठिकाणी असेल.

भूरचना : सुमारे २० ते ३० लाख वर्षांपूर्वी एका प्रचंड ज्वालामुखीचा माथा, खालचा शिलारस निघून गेल्यावर, आत कोसळला व हे कुंड तयार झाले. मराठीत त्याला सर्रास विवर म्हटले जाते. मात्र बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर उल्कापाताने झालेले आहे, तसा हा प्रकार नाही. कुंडाचा व्यास १६ ते १९ किमी., भिंतींची उंची सुमारे ६०० मी. आणि कडेची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे २,३०० मी. आहे. पूर्वेकडून येणारे दमट वारे कडेला अडत असल्याने पूर्व व दक्षिण उतारांवर दाट जंगल वाढले आहे, तर पश्चिमेकडची बाजू पर्जन्यछायेत असून कोरडी व झुडपी आहे. तळावर मुख्यत्वे गवताळ मैदान आहे. त्याच्या मध्याजवळ मगाडी हे उथळ खारे सरोवर, दक्षिणेस लेराई हे पिवळसर सालीच्या बाभूळवर्गीय झाडांचे वन, शिवाय मंडुसीची दलदल आणि पूर्वेकडे गोइटोकिटोकचे झरे आहेत. उत्तरेकडील ओल्मोटी ज्वालामुखीच्या बाजूने येणारा मुंगे ओढा मगाडीला पाणी पुरवतो. कोरड्या ऋतूतही झरे व दलदली आटत नाहीत, आणि प्राण्यांनी येथे कायमचा मुक्काम ठेवण्याचे हे मुख्य कारण आहे. भिंती चढून प्राणी बाहेर जाऊच शकत नाहीत, हा समज मात्र चुकीचा आहे. हत्ती, सिंह, तरस आणि नू (वाइल्डबीस्ट) हरणेही ये-जा करतात, फक्त त्यांना तशी गरज कमी पडते.

प्रवास व प्रवेश : सफारीचे मोठे केंद्र अरुशा हे शहर असून तेथून विवराचे अंतर सुमारे १९० किमी. आहे. मकुयुनी फाट्यावर वळून म्टो वा म्बू या बाजारगावातून रस्ता ग्रेट रिफ्ट खचदरीचा कडा चढतो व कराटू गावामार्गे लोडुआरे प्रवेशद्वाराशी पोहोचतो. तेथवर डांबरी सडक आहे, पुढे मातीची. अरुशाहून पहाटे निघून रात्री परतणाऱ्या सहली विकल्या जातात, पण त्यांत सहा ते आठ तास रस्त्यावरच जातात आणि विवरात पोहोचेपर्यंत सकाळची उत्तम वेळ टळून गेलेली असते. कराटूला किंवा कडेवरच्या निवासात आदल्या रात्री मुक्काम करून उजाडताच खाली उतरणे हा त्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग होय.

उतरण्यासाठी पश्चिमेकडील सेनेटो रस्ता, चढण्यासाठी दक्षिणेकडील लेराई रस्ता आणि पूर्वेकडे दोन्ही दिशांनी चालणारा ‘सोपा’ नावाचा रस्ता, असे तीन मार्ग आहेत. पहिले दोन एकेरी आहेत. फक्त चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या (फोर-व्हील ड्राइव्ह) वाहनांनाच परवानगी मिळते. प्रत्यक्षात जवळजवळ सर्व गाड्या छत वर उचलता येणाऱ्या, लांबवलेल्या लँड क्रूझर असतात. उतरण सकाळी ६ वाजता खुली होते आणि सायंकाळी ६ पर्यंत सर्वांना विवराबाहेर पडावे लागते. माणशी प्रवेशशुल्काशिवाय प्रत्येक वाहनाला एका उतरणीसाठी वेगळे शुल्क आहे. अलीकडच्या वर्षांत ते करांव्यतिरिक्त २५० अमेरिकी डॉलर होते. हा खर्च गाडीमागे असल्यामुळे दोघांना ही सफारी फार महाग पडते व सहा जणांना बरीच आटोक्यात येते.

दिवसाचा क्रम : सकाळी कड्यावर बहुधा धुके असते आणि थंडी बोचरी असते, विशेषतः जून ते ऑगस्ट या महिन्यांत. गाडी धुक्याखाली उतरली की एकाएकी तळ दिसू लागतो. पहिले दोन-तीन तास सर्वांत मोलाचे असतात, कारण रात्रीची शिकार संपवून सिंह अजून हालचाल करत असतात आणि गेंडे लेराईच्या आडोशातून उघड्या गवतात चरायला निघालेले असतात. वाहन आखलेला रस्ता सोडू शकत नाही, तसेच नेमलेल्या जागांखेरीज कोणालाही खाली उतरता येत नाही. त्यामुळे ताडोबातील जिप्सीची सवय असलेल्या मराठी पर्यटकाला बरेच नियम ओळखीचे वाटतात. फरक इतकाच की येथे सकाळ-दुपारच्या फेऱ्या वेगळ्या नसून दिवस सलग मिळतो, आणि उघड्या मैदानामुळे प्राणी शोधण्याऐवजी कोणत्या प्राण्याजवळ किती वेळ थांबायचे हे ठरवावे लागते.

दुपारचे जेवण गोइटोकिटोकच्या तळ्याकाठी होते. तळ्यात पाणघोडे असतात, पण जेवणाऱ्याला खरा उपद्रव होतो तो घारींचा. हातातला घास झडप घालून पळवण्यात त्या तरबेज असून त्यांच्या नख्यांनी ओरखडे निघतात. म्हणून अनुभवी मार्गदर्शक डबा गाडीतच बसून खायला सांगतात. शाकाहारी डबा हवा असल्यास तो आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो. सहलींच्या आयोजकांना ही मागणी नवीन नाही.

प्राणिजीवन : तळावर संख्येने नू हरणे, झेब्रे, रानम्हशी व गॅझेल (छोटी हरणे) जास्त आहेत. जिराफ येथे नाहीत. उभे उतार आणि त्यांना लागणाऱ्या झाडपाल्याची कमतरता ही कारणे दिली जातात. हत्ती दिसतात ते बहुतेक मोठ्या सुळ्यांचे वयस्क नर असतात, कारण माद्या व पिल्लांचे कळप सहसा कडेवरच्या जंगलात राहतात. बिबट्यांचा वावरही मुख्यतः त्याच जंगलात असल्याने ते क्वचित नजरेस पडतात. पक्ष्यांत मगाडी सरोवरावरील रोहित, मुकुटधारी क्रौंच, शहामृग आणि कोरी बस्टर्ड हे विशेष होत. यांपैकी कोरी बस्टर्ड हा आपल्या माळढोकाच्याच प्रजातीसमूहातला आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी ताटकळलेल्यांना तो येथे रस्त्याच्या कडेला निवांत चालताना पाहून हेवा वाटल्यावाचून राहत नाही.

सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट सिंह आणि तरस यांच्या संबंधाची आहे. सकाळी सिंह सावज खात आहेत आणि सभोवती तरस ताटकळत आहेत, हे दृश्य पाहून सिंहाने शिकार केली व तरस उष्ट्यावर टपले आहेत, असाच अर्थ पूर्वी लावला जाई. हान्स क्रुक या प्राणिशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात येथे रात्री तरसांचा पाठलाग करून निरीक्षणे केली, तेव्हा चित्र बरेचसे उलटे निघाले. ठिपकेदार तरस गोरोंगोरोत टोळीने धावून नू हरणे व झेब्रे स्वतः मारतात, आणि त्यांच्या कोलाहलाने जागे झालेले सिंह अनेकदा ते सावज हिसकावून घेतात. दिवसा उजेडी उतरणाऱ्या पाहुण्याला या घटनेचा फक्त शेवटचा अंक दिसतो. चांगल्या मार्गदर्शकाची किंमत अशा वेळी कळते. प्राणी दाखवणे हे त्याचे अर्धेच काम असून, समोर दिसते त्याच्या आधी काय घडले असेल ते सांगणे हे उरलेले अर्धे काम आहे.

येथील सिंहांचा इतिहासही असाच उघड न दिसणारा आहे. १९६२ मध्ये अतिवृष्टीनंतर स्टोमोक्सिस या रक्त शोषणाऱ्या माश्यांचा उद्रेक झाला, सिंहांच्या अंगावर जखमा झाल्या आणि त्यांची संख्या घटून मोजकेच सिंह उरले. बाहेरून काही नर आले व कळप पुन्हा वाढले, परंतु आजचे सिंह थोड्याच पूर्वजांची संतती असल्याने त्यांच्यात अंतःप्रजनन मोठ्या प्रमाणावर झालेले आहे. गेंड्यांचे संकट मात्र माणसाने आणले. १९६० च्या दशकाच्या मध्यास येथे शंभरावर काळे गेंडे नोंदले गेले होते, ते शिंगासाठी झालेल्या चोरट्या शिकारीमुळे १९९० च्या दशकात डझनभरावर आले. तेव्हापासून सशस्त्र रक्षकांचा खडा पहारा आहे व संख्या हळूहळू सावरली आहे. काझिरंग्याच्या एकशिंगी गेंड्याहून हा प्राणी लहान असतो. त्याला दोन शिंगे असून झुडपांचा पाला तोडण्यासाठी वरचा ओठ टोकदार असतो. बहुधा तो मैलभर दूर, धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. चांगली दुर्बीण सोबत नसेल तर सहप्रवाशांच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

मासाई आणि संरक्षण : या विवराला मानवरहित रान समजणे ही सफारीच्या जाहिरातींनी रुजवलेली चूक आहे. मासाई पशुपालक येथे दीर्घकाळ गुरे चारत आले, आणि पहिल्या महायुद्धापूर्वी, जर्मन वसाहतीच्या काळात, झीडेनटोफ या जर्मन भावांची शेती व जनावरांचे गोठे खुद्द तळावर होते. १९५१ साली स्थापन झालेल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात हा प्रदेश सामील होता. १९५९ मध्ये तो वेगळा करून गोरोंगोरो संरक्षण क्षेत्र निर्माण करण्यात आले, आणि सेरेंगेटीतून हलवलेल्या मासाईंना येथे वन्यप्राण्यांसोबत राहण्याचा व गुरे पाळण्याचा हक्क देण्यात आला. सुमारे ८,३०० चौ. किमी.च्या या क्षेत्रात विवराचा तळ हा लहानसा भाग आहे. त्याच वर्षी जानेवारीत येथील कळपांची विमानातून गणना करणारा तरुण जर्मन प्राणिशास्त्रज्ञ मिखाएल ग्झिमेक विमानाला गिधाड धडकून झालेल्या अपघातात मरण पावला. त्याचे स्मारक विवराच्या कडेवर आहे व पुढे त्याचे वडील बर्नहार्ड यांनाही तेथेच विसावा देण्यात आला. युनेस्कोने १९७९ मध्ये या क्षेत्राचा जागतिक वारसा यादीत समावेश केला व २०१० मध्ये त्याचे सांस्कृतिक मूल्यही मान्य केले.

१९७४ मध्ये तळावरची मासाई वस्ती उठवण्यात आली. त्यानंतर गुरांची चराई व गवत जाळण्याची पद्धत कमी झाल्याने गवत उंच व भरड वाढले. त्याचा फायदा रानम्हशींना झाला, तर आखूड गवत पसंत करणारी नू हरणे व गॅझेल घटली. आज पर्यटकाला रानम्हशींचे जे मोठे कळप दिसतात, त्यांच्यामागे हा प्रशासकीय निर्णयही आहे, ही बाब फार थोड्या सफारींत सांगितली जाते. लेराईतील झाडे मरत चालली आहेत, त्यालाही हत्तींबरोबर जमिनीतील वाढता खारेपणा कारणीभूत मानला जातो. दरम्यान संरक्षण क्षेत्रातील मासाईंची संख्या १९५९ मधील सुमारे ८,००० वरून एक लाखाच्या आसपास पोहोचली. लोक व गुरे वाढल्याने प्राण्यांवर ताण येतो, असे सांगून सरकारने २०२२ पासून कुटुंबांना हंडेनी जिल्ह्यातील म्सोमेरा येथे हलवण्यास सुरुवात केली. हे स्थलांतर स्वेच्छेचे असल्याचे सरकार म्हणते. सेवासुविधा तोडून आपल्याला निघायला भाग पाडले जाते, असा अनेक मासाईंचा आक्षेप आहे. पर्यटनाचे शुल्क ज्या भूमीमुळे मिळते, त्या भूमीवरचा तिच्या रहिवाशांचा हक्क किती, हा वाद मिटलेला नाही. गाडीच्या छतातून उभे राहून पाहणाऱ्याला त्याची चाहूल लागते ती कडेवरील रस्त्यालगत गुरे हाकणाऱ्या मुलांमुळे.

ऋतू व पूर्वतयारी : जून ते ऑक्टोबर हा कोरडा काळ सफारीला सोयीचा आहे, पण गर्दीही त्याच वेळी असते, आणि एका गेंड्यासाठी गाड्यांची लांबलचक रांग लागणे ही येथील नेहमीची तक्रार आहे. मार्च ते मे या दीर्घ पावसाच्या महिन्यांत रस्ते निसरडे होतात, मात्र गाड्या कमी असतात आणि विवर हिरवेगार असते. जानेवारी-फेब्रुवारीत नू हरणांची पिल्ले दिसतात. सकाळी लोकरीचा कपडा आणि दुपारी टोपी, असे दोन्ही लागते. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी असल्याने सामान कापडी पिशव्यांतून न्यावे. केनियामार्गे जाणाऱ्या भारतीयांनी पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेऊन तिचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे, कारण परतताना भारतीय विमानतळावरही ते तपासले जाते.