काढून देऊ का काढून टाकू? एजंटच्या टूल-वर्णनांमागची पार्श्वभूमी

नाशिकजवळच्या पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या द्राक्ष पॅकहाऊसमध्ये ‘जुन्या प्लॉटच्या नोंदी काढ’ असं सांगितलं, की संगणकावर बसलेला मुलगा हमखास विचारतो, ‘काढून देऊ का काढून टाकू?’ एजंट, म्हणजे आपल्या वतीने कामं करणारा एआय प्रोग्राम, विचारेलच असं नाही. त्याच्यापुढे टूलचं (तो वापरू शकतो अशा छोट्या प्रोग्रामचं) नाव, दोन ओळींचं वर्णन आणि भरायच्या रकान्यांची यादी एवढंच असतं. वर्णनात नुसतं ‘नोंद काढते’ असेल, तर अर्थ तो आपल्या मनाने लावतो. ही अडचण एजंटांच्या आधीची आहे. आजवर माणसं ती तोंडी विचारून निस्तरत आली.

एसक्यूएल या डेटाबेसला हुकूम द्यायच्या भाषेची पहिली मांडणी १९७४ ची, प्रमाणीकरण १९८६ चं. तिथे डिलीट म्हणजे ओळी जातात, ड्रॉप म्हणजे तक्ताच जातो. पण आपल्याकडे पतसंस्था, अडत्यांच्या पेढ्या, सातपूर-अंबडचे छोटे कारखाने यांच्यात अनेक ठिकाणी आधी पोचले ते डीबेस आणि फॉक्सप्रो हे जुने डेटाबेस प्रोग्राम. फॉक्सप्रोमध्ये डिलीट दिलं की रेकॉर्ड जात नसे, त्यावर फक्त खूण पडे. रिकॉल दिलं की खूण निघे. रेकॉर्ड खरोखर जाई ते पॅक दिल्यावर; झॅप दिलं तर अख्खी फाइल रिकामी. त्यातही ‘सेट डिलीटेड’ ऑन असेल तर खूण पडलेली रेकॉर्ड यादीत दिसत नसत, ऑफ असेल तर दिसत. म्हणजे रेकॉर्ड ‘गेलं’ की नाही, हे बघणाऱ्याच्या सेटिंगवर! त्या काळात काम केलेल्यांना डिलीटची भीती नव्हती, पॅकची होती. पुढे हीच माणसं एसक्यूएलवर आली. शब्द तोच, पण एकदा कमिट झालं, म्हणजे बदल पक्का झाला, की बॅकअपशिवाय गती नाही.

कागदावर मात्र हा भेद आपल्याकडे आधीपासून नीट होता. सातबाऱ्यावरचं नाव ‘कमी’ होतं तेव्हा ते पुसत नाहीत. कंस करतात आणि फेरफाराचा नंबर घालतात. नाव कधी आणि कशामुळे कमी झालं, ते गाव नमुना सहामध्ये सापडतं. प्रोग्रामर ज्याला सॉफ्ट डिलीट म्हणतात तो हाच प्रकार. माझ्या मते तलाठ्याचा ‘कंस’ हा ‘डिलीट’पेक्षा कितीतरी स्पष्ट शब्द आहे.

वर्णनातल्या शब्दांना वजन आलं ते जून २०२३ पासून. एका अमेरिकी कंपनीने फंक्शन कॉलिंग आणलं: नाव, वर्णन आणि जेसन स्कीमा (रकान्यांचा ठरावीक नमुना) द्यायचा, कोणतं फंक्शन, म्हणजे टूल, कधी बोलवायचं ते एआय मॉडेल ठरवणार. तोवर असली वर्णनं प्रोग्रामर वाचायचे, तीही अडल्यावर. आता ती वाचूनच कृती होऊ लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एजंटला टूल जोडण्याची सामायिक पद्धत) खुला झाला आणि एकाने लिहिलेलं टूल दुसऱ्याच्या एजंटला जोडणं सोपं झालं. लिहिणारा आणि वापरणारा एकमेकांना ओळखतही नाहीत, मग विचारणार कोणाला?

खरा वादाचा मुद्दा या प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीतला. तिथे टूलला खुणा जोडता येऊ लागल्या: हे फक्त वाचतं का, नासधूस करू शकतं का, तेच पुन्हा चालवलं तर आणखी काही बदलतं का. काहीच सांगितलं नसेल तर नासधूस होऊ शकते असं धरायचं, ही त्यातली सर्वांत शहाणी तरतूद. पण या खुणांना नावच ‘हिंट’ आहे, आणि विश्वासातल्या नसलेल्या सर्व्हरच्या (टूल पुरवणाऱ्याच्या) खुणांवर विसंबू नका असंही तिथेच बजावलं आहे. खुणांच्या बाजूचे म्हणतात, हो-नाही असेल तर प्रोग्रामला तपासता येतं, माणसाची परवानगी मागता येते. कबूल. पण फॉक्सप्रोचं डिलीट ही नासधूस होती का? पॅक देईपर्यंत नाही; यादी बघणाऱ्या कारकुनाच्या लेखी मात्र रेकॉर्ड गेलेलंच. हे हो-नाहीत मावत नाही, वाक्यच लिहावं लागतं.

जुलै २०२५ मध्ये परदेशात एका कोडिंग एजंटने, बदल करू नकोस असं बजावलेलं असताना, चालू डेटाबेस पुसला. वर तो परत आणता येणार नाही असंही सांगितलं. प्रत्यक्षात आणता आला.

नाशिककडच्या डेटात आणखी एक खोच आहे, ‘वर्ष’. हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च. द्राक्षाचा हंगाम मात्र ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या गोडी छाटणीपासून पुढच्या मार्च-एप्रिलच्या काढणीपर्यंत. (काढणी! हा शब्द काही पाठ सोडत नाही.) रकान्यात नुसतं ‘२०२४’ भरलं, तर कोणता माल धरायचा?

म्हणून ‘नोंद_काढा’ या एका टूलची तीन करावी लागतात: ‘नोंद_वाचा’, ‘नोंद_कंसात_टाका’, ‘नोंद_कायमची_पुसा’. तिसरं एजंटच्या हाती द्यावं का, हा वेगळा प्रश्न. मधल्याचं वर्णन असं लिहिता येईल: ‘प्लॉटची नोंद यादीतून लपवते, पुसत नाही. नोंद_परत_आणा वापरल्यास परत दिसते. हंगाम २०२४-२५ असा लिहावा. वजन किंवा तारीख दुरुस्त करण्यासाठी हे टूल वापरू नये.’ यातलं शेवटचं वाक्य लोक गाळतात. मग एजंट वजनातली चूक दुरुस्त करायला जुनी नोंद कंसात टाकतो, नवी घालतो, आणि एकाच प्लॉटला दोन क्रमांक पडतात.