मेटल हॅलाइड दिवा आणि बॅलास्ट यांची जुळणी (मत्स्यालय)

प्रवाळांच्या मत्स्यालयावर लावला जाणारा मेटल हॅलाइड दिवा थेट विजेला जोडता येत नाही. त्याला त्याच्याच प्रकारचा बॅलास्ट, म्हणजे बोलीभाषेतला चोक, लागतो. दिव्याच्या आतल्या छोट्या नळीत पारा, आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू आणि काही धातूंचे हॅलाइड क्षार असतात. या नळीतून विद्युत्-विसर्जन सुरू झाले की प्रवाह वाढेल तसा तिचा रोध घटतो, त्यामुळे प्रवाहाला आवर घालणारे काही नसेल तर दिवा लगेच निकामी होतो.

वॉट सारखे असले की जोडी जुळली, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज होय. अमेरिकी मानकांत २५० वॉटच्या दिव्यांनाच निरनिराळे संकेत आहेत. एम५८ या संकेताचा दिवा साधारण १३३ व्होल्ट दाबावर सुमारे २.१ अँपिअर प्रवाह घेतो, तर एम८० हा दोन टोकांचा दिवा साधारण १०० व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर घेतो. एम५८चा दिवा एम८०च्या बॅलास्टवर चढवला तर त्यात ठरल्यापेक्षा अधिक प्रवाह जातो. तो अधिक उजळतो, अधिक तापतो आणि त्याचे आयुष्य घटते. २०,००० केल्व्हिनचे (हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) काही निळे दिवे मात्र मुळात एम८०च्या जोमदार बॅलास्टसाठीच घडवलेले असतात आणि कमी शक्तीच्या बॅलास्टवर ते मंद व अधिक निळे दिसतात. म्हणूनच एकाच दिव्याचा रंग दोन मत्स्यालयांत वेगवेगळा वाटला, तर आधी बॅलास्ट पाहणे योग्य.

दुसरा प्रश्न दिवा पेटवण्याचा. जुन्या पद्धतीच्या दिव्यात पेटवणीसाठी तिसरे इलेक्ट्रोड असते. नव्या पद्धतीच्या दिव्यात ते नसते, आणि बॅलास्टमधला इग्निटर काही हजार व्होल्टचे स्पंद देऊन विसर्जन सुरू करतो. इग्निटर नसलेल्या बॅलास्टवर असा दिवा बहुधा पेटतच नाही. उलट, तिसऱ्या इलेक्ट्रोडच्या दिव्याला इग्निटरचे स्पंद मिळाले तर तो खराब होऊ शकतो आणि दिवाधारकातून ठिणगी उडण्याचाही धोका असतो. इग्निटरपासून दिव्यापर्यंतची तार उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा लांबवली तर स्पंद क्षीण होतो, हेही विसरू नये.

इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट हलके असतात, आणि त्यांतले काही अनेक प्रकारचे दिवे पेटवतात. तरीही प्रत्येक दिवा त्यावर पूर्ण क्षमतेने चालेल असे गृहीत धरता येत नाही. दिव्याचा डबा आणि बॅलास्टची पट्टी यांवरचा संकेत वाचणे हाच खात्रीचा मार्ग आहे. दोन टोकांच्या दिव्याला अतिनील किरण अडवणारे बाहेरचे काचेचे आवरण बहुधा नसते, म्हणून बॅलास्ट कितीही अचूक जुळला तरी अतिनील किरण अडवणारी काच समोर लावल्याशिवाय तो पेटवू नये. ती काच नसेल तर प्रवाळांना आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांना इजा होते. विझवलेला गरम दिवा काही मिनिटे थंड झाल्याखेरीज पुन्हा पेटत नाही, त्यामुळे नवी जोडी तपासताना हा विलंब बिघाड समजून बॅलास्ट बदलण्याची घाई करू नये.