पाइप फुटतो तिथे बर्फ नसतो

फेब्रुवारी २०२१ मध्ये, अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसजवळच्या आमच्या घरात लॉन्ड्रीच्या खोलीचं छत खाली आलं, आणि ते आलं थंडीची लाट ओसरल्यावर. त्याआधीचे दिवस लाइट जात-येत होती, नळाला पाणी नव्हतं, सगळे एका खोलीत रजया घेऊन बसलो होतो. मग ऊन पडलं, हायसं वाटलं, आणि दुपारी वर ॲटिकमध्ये, म्हणजे छत आणि छपराच्या मधल्या पोकळीत, कुणी शॉवर सोडलाय असा आवाज यायला लागला. छताला आधी पिवळट डाग, मग फुगा, आणि दहा-पंधरा मिनिटांत ओला ड्रायवॉल, म्हणजे छताची जिप्समची फळी, आणि ऊब धरून ठेवणाऱ्या इन्सुलेशनचा लगदा वॉशिंग मशीनवर.

प्लंबर मिळायला आठवडा गेला, कारण गावात प्रत्येकालाच प्लंबर हवा होता. त्याने फुटलेला तुकडा कापून माझ्या हातात दिला. अर्ध्या इंचाचा तांब्याचा पाइप, त्याला दोन बोटं लांबीची उभी चीर, आणि चिरेच्या कडा बाहेर वळलेल्या, माशाने तोंड उघडावं तशा. मी म्हटलं इथेच बर्फ झाला असणार. तो म्हणाला नाही, बर्फ तिकडे होता, आणि पाच-सहा फुटांवर, छपराच्या उतारापाशी, बाहेरच्या भिंतीला लागून गेलेला पाइप दाखवला. तो अगदी धड होता, साधा ओरखडासुद्धा नाही.

ही एक गोष्ट नीट कळली ना, की बाकीचे सगळे उपाय आपोआप कळतात, म्हणून आधी तीच सांगतो.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. फ्रीजरमध्ये काचेची बाटली विसरली की ती का तडकते ते आपल्याला माहीत असतं, म्हणून वाटतं पाइपचंही तसंच, आत बर्फ फुगला आणि पाइप फाटला. पण पाइप बाटलीसारखा बंद नसतो. पाणी शून्याला लगेच गोठतही नाही, कित्येकदा शून्याच्या खाली काही अंश जाऊनही द्रवच राहतं, मग एकदम बर्फाच्या काड्या तयार होतात, आणि त्यानंतर पाइपच्या आतल्या भिंतीवर बर्फाचा थर चढत चढत मध्ये येतो. तोवर फुगणाऱ्या बर्फाने ढकललेलं पाणी मागे, रस्त्यावरच्या मेन लाइनकडे सरकू शकतं. खरी गडबड होते ती हा थर मध्ये येऊन जुळला आणि पाइपला बर्फाचं बूच बसलं की. आता बूच आणि तुमचा बंद नळ यांच्यामधलं पाणी कोंडलं. बर्फ अजून वाढतोच आहे, तो त्या पाण्याला दाबतो, आणि पाणी दबायला तयार नसतं, त्याचं आकारमान नुसतं एक टक्का कमी करायचं तरी वातावरणाच्या दोनशेपट दाब लागतो. घरातल्या नळाच्या पाण्याचा दाब असतो साधारण तीन ते पाच पट. म्हणजे बर्फ थोडासाच पुढे सरकला तरी दाब कुठल्या कुठे जातो, आणि मग त्या कोंडलेल्या भागात जो सांधा, जी एल्बो (पाइप वळवणारा कोपऱ्याचा तुकडा), जो पाइप सगळ्यात कमजोर तो जातो, मग तो उबदार खोलीच्या डोक्यावर का असेना. आणि बूच बसलेलं असेपर्यंत मागून पाणीच येत नाही, म्हणून फुटलेलं कळत नाही. कळतं ते बर्फ वितळल्यावर.

इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च कौन्सिलने नव्वदच्या दशकात ॲटिकमधल्या उघड्या पाइपांवर प्रयोग करून हे दाखवलं होतं, आणि धोक्याची खूण म्हणून बाहेरचं तापमान २० फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे ७ सेल्सियस, हा आकडा तिथूनच आला. १६ फेब्रुवारी २०२१ ला डॅलसला उणे १९ सेल्सियस होतं. उत्तरेकडच्या मिनेसोटात याहून थंडी दरवर्षी पडते, पण तिथे रस्त्यावरून येणारी लाइन जमिनीखाली सात-आठ फूट खोल असते आणि घरातले पाइप आतल्या भिंतींतून नेलेले असतात. टेक्सासमधली घरं उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली, तळघर नाही, पाइप ॲटिकमधून नाहीतर बाहेरच्या भिंतीतून. त्यात ४५ लाखांवर घरांची आणि दुकानांची वीज गेली, म्हणजे हीटिंगच गेलं.

आता नळ बारीक सोडून ठेवायचं. सगळे सांगतात वाहतं पाणी गोठत नाही, आणि त्याचा थोडा उपयोग आहेच, जमिनीतलं जरा कोमट पाणी येत राहतं. पण खरा फायदा हा की नळ उघडा असला तर बूच बसलं तरी पुढचं पाणी कोंडत नाही, दाबाला वाट मिळते. म्हणूनच थंड आणि गरम दोन्ही लाइन सोडायच्या, एकच दांडा असलेला नळ असेल तर दांडा मधोमध ठेवायचा. आणि रात्रीत थेंब थांबला तर, कृपा करून, नळ बंद करू नका! गोठलाय आता, कशाला उघडा ठेवायचा, असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच तो उघडा असणं सगळ्यात गरजेचं असतं.

बाकीचं पटापट सांगतो. बागेतल्या नळाचा होस पाइप काढून ठेवा, तो लावलेला राहिला की नळात पाणी अडकून राहतं. बाहेरच्या भिंतीला लागून सिंक असेल तर खालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, खोलीची ऊब आत जाऊ दे. ॲटिकमधल्या पाइपांना फोमची नळी चढवा, आणि कोपरे, सांधे उघडे सोडू नका. मात्र फोम ऊब निर्माण करत नाही, तो फक्त वेळ लावतो, घरच थंड पडलं तर फोमच्या आतलं पाणीही शेवटी गोठतंच. बाहेरच्या भिंतीवर टाकी नसलेला गॅस गीझर असेल तर त्यातली गोठू न देणारी सोय विजेवर चालते, लाइट गेली की तीही गेली. म्हणून लाइट बराच वेळ येणार नाही असं दिसलं तर सरळ मेन कॉक बंद करून सगळे नळ उघडून पाइप रिकामे करा. रिकामा पाइप फुटत नाही.

डिसेंबर-जानेवारीत आपण इथले मराठी लोक महिनाभर भारतात जातो. पुण्याला, कोल्हापूरला हिवाळ्यात पाण्याचे पाइप सांभाळायची कुणाला सवय नसते, महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी दवबिंदू गोठले तरी पेपरात फोटो येतो. त्यामुळे जाताना हीटर बंद करून जाणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका, ५५ फॅरनहाइट, म्हणजे १३ सेल्सियसच्या खाली ठेवू नका, मेन कॉक बंद करून पाइप रिकामे करा आणि शेजारी कुणाकडे किल्ली द्या.

पाइप गोठलाच तर आधी नळ उघडा, मग हेअर ड्रायरने नळाच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे जा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट असते. पाणी सांडलेलं असेल तिथे हेअर ड्रायर नाही. आणि गॅसची ज्योत, ब्लो-टॉर्च अजिबात नाही, पाइप लाकडी चौकटीतून गेलेला असतो. घर गरम करायला कोळशाची शेगडी आत आणू नका, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसू नका. २०२१ मध्ये टेक्सासात कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली आहेत.

आमचा मेन कॉक अंगणात गवताखालच्या गोल झाकणाच्या पेटीत होता आणि तो फिरवायला लांब दांड्याची किल्ली लागते, हे मला त्या दुपारी कळलं, छतातून पाणी पडत असताना. वीस मिनिटं गेली. आता ती किल्ली गॅरेजमध्ये दाराशेजारी खिळ्याला लावलेली असते, आणि घरातल्या प्रत्येकाने, आमच्या अकरा वर्षांच्या मुलीनेही, ती एकदा स्वतः फिरवून पाहिली आहे.