दुखायच्या आधीची गोळी

मामीनं मॉर्फिनच्या गोळ्या शिवणाच्या डब्यात ठेवल्या होत्या, रिळांच्या खाली. मामांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘दर चार तासांनी’ असं स्वच्छ लिहिलं होतं. मामी मात्र मामा कण्हायला लागले की मगच डबा उघडायची. ‘सारखी दिली तर सवय लागेल, आणि पुढं जास्त दुखलं तर मग काय देऊ?’ हिशेब काटकसरी बाईचा होता. किराण्याला तो लागू पडतो, मज्जारज्जूला नाही. असं का, हे मला सांगायचंय, कारण घरोघरी हीच चूक होते.

हाडातली गाठ आसपासच्या मज्जातंतूंना सतत डिवचत असते. त्यातले सी-तंतू नावाचे बारीक, संथ तंतू आपला निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत आणतात आणि तिथं ग्लुटामेट नावाचं रसायन सोडतात. पुढच्या पेशीवर या ग्लुटामेटसाठी दोन तऱ्हेची दारं असतात. पहिलं लगेच उघडतं आणि लगेच मिटतं. दुसरं, एनएमडीए नावाचं, सहसा बंदच असतं, कारण त्याच्या गळ्यात मॅग्नेशियमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, बुचासारखा बसलेला असतो. पेशीच्या आत ऋण भार असतो, मॅग्नेशियमवर धन. म्हणून ते बूच आत ओढलेलं राहतं. एखाददुसऱ्या निरोपानं ते हलत नाही. पण निरोप लागोपाठ येत राहिले की पेशीचा ऋण भार ओसरतो, बूच निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. मग ती पेशी तापलेल्या माणसासारखी वागते. तेवढ्याच डिवचण्याला आता दुप्पट ओरडते. याला ‘वाइंड-अप’ म्हणतात. हे लांबलं की अंगावरून चादर सरकली तरी कळ येते. गाठ मात्र तेवढीच असते.

मॉर्फिन इथं दोन्ही बाजूंनी काम करतं. निरोप आणणाऱ्या तंतूच्या टोकाशी कॅल्शियमच्या वाटा आवळतं, त्यामुळे ग्लुटामेट कमी सुटतं. पलीकडच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर जाऊ देतं, त्यामुळे आतला ऋण भार टिकतो आणि बूच जागेवर राहतं. अर्थात गोळी द्यायची ती बूच निघायच्या आत. साध्या गोळीचा असर साधारण चार तास, म्हणून चार तासांनी पुढची. कण्हणं ऐकू येईपर्यंत थांबलं तर तीच गोळी अपुरी पडते. मामीची काटकसर अशी उलटी महाग पडत होती.

सवयीचं म्हणाल तर शरीर सरावतं हे खरं, औषध एकदम तोडलं तर त्रास होतो हेही खरं. म्हणून ते हळूहळू उतरवतात. व्यसन ही वेगळी चीज. ‘मॉर्फिननं श्वास थांबतो’ ही दुसरी भीती. थोड्या मात्रेपासून चढवत नेलं तर आधी गुंगी येते आणि तिथंच मात्रा सावरता येते. आतडी मात्र कधीच सरावत नाहीत, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून.

शेजारच्या एका आजोबांनी ‘प्रारब्धाचे भोग भोगूनच संपवायचे असतात’ असं मामांसमोर सांगितलं होतं. त्यांना स्वतःला दाढ दुखली तेव्हा ते रात्री अकराला डॉक्टरांच्या दारात उभे होते.

हॉस्पिस म्हणजे बरं न होणाऱ्या दुखण्यात वेदना आवरणारी शुश्रूषा जिथं मिळते ते ठिकाण. ती मरणाची वाट बघायची जागा, हा समज आपल्याकडे पक्का आहे. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर. वेदना शरीराची, मनाची, पैशाची, नात्यांची अशी एकत्रच येते, असं त्या म्हणत. आपल्याकडे वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 सालचं, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र 1997 सालचं. हीच शुश्रूषा घरी येऊनही होते. बॉस्टनच्या एका रुग्णालयात फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच ही सेवा दिली. 2010 साली छापलेले आकडे असे: त्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले ते) 11.6 महिने, बाकीच्यांचं 8.9. एका रुग्णालयाचा अभ्यास आहे, त्याचा चमत्कार करू नका. पण ही सेवा घेतली म्हणजे माणूस लवकर जातो, ही भीती तरी त्यात टिकत नाही.

आपल्या देशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, आणि त्याच देशात मॉर्फिनसाठी रुग्णालयांना कागदांच्या चळती चढवाव्या लागत. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन परवान्यांचा गुंता कमी झाला. तरी जवळच्या दुकानात ही गोळी मिळेल या भरवशावर राहू नका.

मामीला हे सगळं मी नाही समजावलं. घरी येणाऱ्या नर्सनं समजावलं, बूच-बिच न सांगता. ‘काकू, घड्याळ बघून द्या, चेहरा बघून नको,’ एवढंच म्हणाली. मग मामांच्या कोरड्या ओठांना ओला बोळा कसा लावायचा, कूस कशी बदलायची ते दाखवलं, आणि ‘तुम्ही कधी झोपता?’ असं विचारलं. हे मामीला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. जाताना तिनं कालनिर्णयच्या पानामागं निळ्या पेनानं लिहिलं: 6, 10, 2, 6, 10. शेवटच्या दहापुढं ‘दोन गोळ्या’, म्हणजे रात्री दोनला कुणी उठायला नको.

शिवणाच्या डब्यात पुन्हा रिळं तेवढी राहिली.