लाल ठिपका असतो तरी कुठे?

दसरा जवळ आला की खानापूर-निपाणीकडच्या एअर रायफली पुसून बाहेर निघतात. हल्ली त्यांतल्या काहींवर ऑनलाइन मागवलेली स्वस्त 'रेड डॉट' दिसते, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी, नेम धरायची साइट. बहुतेकांना ती लेझर वाटते. लेझर नव्हे ती! लक्ष्यावर ठिपका पडतच नाही.

आत मागच्या बाजूला एक बारीक एलईडी असतो, पुढच्या काचेकडे तोंड करून. काच वक्र असते, आणि तिच्यावरचा थर सुमारे 650 नॅनोमीटरचा लाल प्रकाश तेवढा परतवतो, बाकीचे रंग जाऊ देतो. म्हणून पलीकडचं दृश्य किंचित निळसर दिसतं. एलईडी काचेच्या नाभीवर असल्यामुळे परतलेले किरण समांतर होतात, हेडलाइटच्या वाटीतून निघतात तसे. समांतर किरण डोळ्याला फार दुरून आल्यासारखे वाटतात, म्हणून लक्ष्य आणि ठिपका एकदमच स्पष्ट दिसतात. ही कल्पना डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांची, 1900 सालची. एलईडीवाली साइट स्वीडनच्या एमपॉइंटने 1975 मध्ये आणली.

आता जाहिरातीतलं 'पॅरलॅक्स-फ्री', म्हणजे डोळा हलला तरी नेम ढळत नाही हा दावा. किरण खरंच समांतर असतील, तर डोळा 8 मि.मी. सरकला की नेमही 8 मि.मी. सरकतो, अंतर कितीही असो. 100 मीटरवर ते नगण्य. 10 मीटरवर मात्र छर्राच 4.5 मि.मी.चा! साइटचा पॅरलॅक्स 50 मीटरला जुळवलेला असेल, तर 10 मीटरवर चूक 8 × (1 − 10/50), म्हणजे 6.4 मि.मी. त्यातून स्वस्त साइटची काच एकेरी, कडेला किरण पुरते समांतर होतच नाहीत. तेव्हा गाल दस्त्यावर रोज एकाच जागी टेकवा आणि ठिपका काचेच्या मध्यावर ठेवा. घेतानाच रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून डोकं हलवून पाहा. ठिपका फार भटकला तर साइट परत करा.

ठिपका 2-3 एमओएचा घ्या. एमओए हे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग; 1 एमओए म्हणजे 10 मीटरवर 2.9 मि.मी. ठिपका फाटलेला दिसला तर मोबाइलने फोटो काढा. फोटोत गोल आला तर दोष बुबुळाच्या असमान वक्रतेचा, म्हणजे डोळ्यातल्या अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा.

बसवताना रायफल रिकामी आणि न ताणलेली हवी. एअर रायफलची खाच बहुधा 11 मि.मी.ची, साइटचा पाया 20-21 मि.मी.च्या रेलचा, अ‍ॅडॉप्टर लागतोच. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दुहेरी असतो: पिस्टन पुढे जाताना बंदूक मागे येते, तो आदळला की पुढे झेपावते. त्या झेपेत माउंट, म्हणजे साइट धरणारी पकड, मागे घसरतो, म्हणून स्टॉप-पिन (घसरण अडवणारी खीळ) असलेलाच घ्या. खाच स्पिरिटने पुसा, स्क्रू आलटून-पालटून साधारण 2 न्यूटन-मीटरने आवळा, पायाच्या स्क्रूला निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) लावा. लाल लावलात तर पुढे स्क्रू सुटता सुटणार नाही.

खंडेनवमीला बंदूक खुशाल पुजा, पण हळद-कुंकू काचेवर नको. त्या पुडीने नेम सुधारत नाही, थरावर ओरखडे मात्र उठतात.

10 मीटरवर तीन-तीन छर्‍यांचे गट मारून साइट शून्य करा, म्हणजे ठिपका असेल तिथेच छर्रा लागेल अशी जुळवा. साइट नळीपेक्षा 4 सें.मी. वर असेल, तर 5 मीटरवर छर्रा सुमारे 2 सें.मी. खाली लागेल, तो बिघाड नव्हे. पावसाळ्यात सीआर 2032 सेल काढून ठेवा, नाहीतर संपर्कपट्टीवर हिरवा गंज चढतो.